कुलवृत्तांतात नसलेला कंपवात

मी सत्तावन्न वर्षांत दारूला शिवलो नाही, याचं श्रेय माझ्या थोरल्या काकांचं. सांगलीजवळच्या आमच्या घरात मागच्या अंगाला त्यांची खोली होती. ते खिडकीशी बसलेले असायचे. मान थोडी पुढे, चेहऱ्यावर राग नाही की हसू नाही, उजवा हात मांडीवर एकसारखा हलत असलेला. कपबशी उचलायची तर दोन्ही हातांनी, आणि तरी चहा सांडायचाच. आम्हा भावंडांसाठी ती खोली म्हणजे घरच्या घरी चालवलेलं व्यसनमुक्ती केंद्र होतं. "प्यायलं की असं होतं," आई खालच्या आवाजात सांगायची. तेवढं पुरायचं.

मला ते जरा जास्तच पुरलं. न्यूझीलंडला येऊन वीस वर्षं उलटून गेली. आधी दहा वर्षं ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये भाड्याच्या घरात, आणि भूकंपानंतर ख्राइस्टचर्चला, कारण इथे अख्खं शहर पुन्हा उभं करायला इंजिनिअर हवे होते. या सगळ्या वर्षांत ऑफिसच्या दर शुक्रवारच्या ड्रिंक्सना मी लेमनेडचा ग्लास धरून उभा राहिलो. लोकांना वाटायचं, धर्माचं काहीतरी असेल. मी वाटू दिलं.

तर तीन वर्षांपूर्वी माझी सही लहान व्हायला लागली. आमच्या कामात प्रत्येक ड्रॉइंग कुणीतरी तपासून त्यावर सही करावी लागते. एक दिवस एका ज्युनिअर मुलीने मला विचारलं, "हे नवीन कोण आलेत तपासायला? यांचं अक्षर मुंगीएवढं आहे." मी बघितलं तर सही माझीच होती. मी तिला म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढलाय. ते खरंही होतं, म्हणून खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

माझी बायको फार्मसिस्ट आहे. तिच्या लक्षात आधीच आलं होतं. आम्ही रविवारी हॅगली पार्कमध्ये फिरायला जातो, तिथे चालताना माझा डावा हात पुढे-मागे व्हायचा आणि उजवा नुसता लोंबायचा. तिने हे पाहिलं आणि तीन आठवडे काहीच बोलली नाही. मला वाटलं, कशावरून तरी रागावली आहे, म्हणून मी त्या तीन आठवड्यांत न सांगता भांडी घासली, बाग साफ केली, गॅरेजसुद्धा आवरलं. शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी तुझी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे." मी विचारलं, "मग तू रागावलेली नाहीस?" ती रडायला लागली. गॅरेज फुकटच आवरलं होतं.

न्यूरॉलॉजिस्टने बोटं टेकवायला लावली, कॉरिडॉरमधून चालायला लावलं, मागून खांदे ओढून तोल बघितला. मग पेन उघडून विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?"

"नाही," मी खात्रीने म्हणालो. "एका काकांचा हात थरथरायचा. पण ते दारूमुळे."

"किती प्यायचे?"

मी आठवायला लागलो. मी त्यांना कधी पिताना बघितलं नव्हतं. बाटली बघितली नव्हती, ग्लास बघितला नव्हता, कसला वास आल्याचं आठवत नव्हतं. ते कधी कुणावर ओरडले नव्हते. मागच्या खोलीतून ते बाहेरच पडत नसत, आणि आमच्या घरात कुणी त्यांना दारू आणून देईल हे शक्य नव्हतं. पन्नास वर्षं मी एका माणसाला दारुडा म्हणत होतो, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त एक सांडलेला चहा होता.

न्यूरॉलॉजिस्टने कागदावर एक ओळ लिहिली आणि मला जनुकांच्या विभागाकडे पाठवलं.

तिथली समुपदेशक माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने फोनवर सांगितलं की येताना घराण्याची माहिती घेऊन या, जितक्या पिढ्यांची जमेल तितकी. इतर पेशंटांना म्हणे आजोबांच्या पलीकडे काही सांगता येत नाही. मला मनातून बरं वाटलं. कारण आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. चांगला जाडजूड, लाल कापडी बांधणीचा. त्याच्या शेवटच्या आवृत्तीसाठी न्यूझीलंडमधल्या शाखेची माहिती मीच गोळा करून पाठवली होती. शाखा म्हणजे आम्ही तिघं.

मी तो ग्रंथ तिच्या टेबलावर ठेवला. तिने पानं उलटली, वंशवृक्षाचं घडीचं पान उलगडलं. चौदा पिढ्या. ती खरोखर प्रभावित झाली. मग तिने कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. दहा मिनिटांनी कागदावर नुसते चौकोन दिसत होते.

"बायका कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी म्हणालो, मुली लग्न होऊन गेल्या की त्या घराण्याच्या वृत्तांतात जातात.

"आणि लग्न होऊन आलेल्या?"

"त्यांचं एक नाव आहे की. कंसात."

तिने मान हलवली. मग विचारलं, "कोण कशाने गेलं, ते कुठे लिहिलंय?"

मी शोधल्यासारखं केलं. कोण मामलेदार झालं, कुणी कुठे विहीर बांधली, कुणाला संस्कृतचं पारितोषिक मिळालं, हे सगळं त्यात होतं. आजार एकही नव्हता. चौदा पिढ्यांत आमच्या घराण्यात कुणी खोकल्याने आजारी पडल्याची नोंद नाही. काकांचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं: "शिक्षक, विधुर, निःसंतान, स्वेच्छानिवृत्त."

"यांच्याबद्दल सांगू शकेल असं कुणी आहे?" तिने विचारलं.

होतं. वडील माझे पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले, पण काकांची सगळ्यात धाकटी बहीण, माझी आत्या, पुण्यात मुलाकडे असते. ऐंशीला टेकलेली, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आम्ही दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो. इथे दुपार असते, तिकडे तिचा सकाळचा चहा चाललेला असतो.

मी तिला माझ्या पार्किन्सन्सचं सांगितलं. तिने आधी पथ्य विचारलं, मग गोळ्यांची नावं. मग मी विचारलं, "आत्या, थोरले काका खरंच प्यायचे का?"

"आज एकदम काय आठवलं तुला?"

"डॉक्टरांनी विचारलंय."

"कुठल्या? तिकडच्या?"

"हो, तिकडच्याच."

"मग सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. बारा हजार किलोमीटरवरचा डॉक्टर म्हणजे तिच्या दृष्टीने पंचक्रोशीच्या बाहेरचा होता. "तो कसला पितोय. त्याला साधी सर्दीवरची ब्रँडी चालायची नाही."

मग तिने सगळं सांगितलं. चहा बाजूला ठेवून, मधेच चष्मा पुसत, पण आवाज कुठेही न चढवता.

काका गणित शिकवायचे. फळ्यावर कंपासाशिवाय असं वर्तुळ काढायचे की शाळा तपासायला आलेल्या साहेबाने एकदा दोरी लावून मोजून बघितलं होतं. चाळिशीला आले आणि त्यांचं फळ्यावरचं अक्षर बारीक व्हायला लागलं. मागच्या बाकांवरून वाचता येईना. मग वर्तुळ वाकडं यायला लागलं. मुलं हसायला लागली. हेडमास्तरांनी आजोबांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, मास्तर सकाळपासूनच घेतात की काय. आजोबा काकांना घेऊन मिरजेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, वाढत जाणारा, आणि त्या वेळी द्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. दोघं एसटीने परत आले. आजोबांनी आजीला आणि आपल्या मुलांना बसवून सांगितलं की हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.

"कारण माझं लग्न ठरत होतं," आत्या म्हणाली. "मुलाकडच्यांच्या कानावर गेलं होतं, मुलीचा भाऊ थरथरतो म्हणून. त्यांनी मध्यस्थाकडून विचारलं, काय भानगड आहे? तुझ्या आजोबांना काही सुचेना. कंपवात म्हटलं तर घराण्यातच आहे म्हणणार. मग माझंही जमायचं नाही आणि पुढे तुमच्या पिढीतल्या मुलींचंही. तेव्हा दादाच आतून बोलला. म्हणाला, सांगा, पितो म्हणून."

"काका स्वतः म्हणाले?"

"स्वतः. म्हणाला, दारू ही माणसाची एकट्याची असते. रोग सगळ्यांचा होतो."

मी विचारलं, "आणि त्यांना ते चाललं? दारुड्याची बहीण?"

"चाललं म्हणजे काय. मध्यस्थ हसला म्हणे. म्हणाला, एवढंच ना, ते तर त्यांच्याही घरात आहे." आत्याने चहाचा घोट घेतला. "ते मात्र खरं निघालं. तुझे आतोबा रोज प्यायचे. तीस वर्षं काढली मी."

दोन महिन्यांनी काकांनी नोकरी सोडली. स्वेच्छेने. सुनांना, म्हणजे माझ्या आईला आणि धाकट्या काकूला, खरं कधी सांगितलंच नाही, कारण सुना बाहेरच्या. पुतण्यांना तर दारूच सांगायची ठरलं. त्यात पोरांना वळण लागण्याचा फायदाही होता. माझ्यापुरतं म्हणाल तर वळण लागलं.

फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगितलं. तिने ऐकलं आणि पहिलं वाक्य काढलं ते असं: "आपल्या लग्नाच्या वेळी मला पण दारूच सांगितली होती. माझे बाबा म्हणाले होते, ठीक आहे, एखादा असतो प्रत्येक घरात." आम्ही दोघंही थोडं हसलो. मग नाही हसलो.

समुपदेशकाने काकांच्या चौकोनात काळा रंग भरला. आता तपासणीला अर्थ होता, असं ती म्हणाली. फॉर्मवर वंश लिहायचा होता. इथल्या फॉर्मांत त्याची एक ठरलेली यादी असते. प्रशांत महासागरातल्या नियुए बेटाला स्वतःचा चौकोन आहे. त्या बेटावरची सगळी माणसं आमच्या पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात पंक्तीला बसवता येतील. आणि आम्हा सगळ्यांना, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, मिळून एक: "इंडियन". मी खूण केली. चौदा पिढ्यांचा ग्रंथ शेजारीच पडला होता.

रक्त घ्यायला आलेली नर्स इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी होती. तिने आत आल्या आल्या "किया ओरा" म्हटलं आणि सुई टोचायच्या आधी एक प्रश्न विचारला: उरलेलं रक्त शेवटी टाकून देताना त्यावर कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटलेली हवी आहे का? मला वाटलं, आमच्यासारख्यांसाठी नसेल. ती म्हणाली, कुणालाही मागता येते. रक्तात तुमच्या आधीची सगळी माणसं असतात, ती कचऱ्यात कशी टाकायची. मी सहज विचारलं, तुम्हाला तुमची किती माणसं माहीत आहेत? तिने सुई टोचली आणि नळी भरेपर्यंत नावं सांगत गेली. आधी एक डोंगर, मग एक नदी, मग माणसं. त्यात आज्या होत्या, पणज्या होत्या, आणि एक होती ती म्हणे फार भांडखोर. नळी भरली तरी ती संपली नव्हती. मी प्रार्थनेपुढे खूण केली. आमच्याकडे कुणी विचारलं नसतं.

निकाल यायला चार महिने लागले. समुपदेशकाने मला आणि बायकोला समोर बसवलं. एका जनुकात एका अक्षराचा बदल सापडला होता. मी विचारलं, म्हणजे तेच कारण?

"माहीत नाही," ती म्हणाली.

तिने समजावून सांगितलं, आणि तिला ते सांगताना अवघड वाटत होतं. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार एका जनुकाने होत नाही. बरंच काही मिळून होतं, आणि वयही त्यात असतं. काही जनुकांतले काही बदल मात्र ओळखीचे आहेत. एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांत आणि युरोपातून आलेल्या काही ज्यू घराण्यांत पुष्कळ सापडतो. दुसरे काही चिनी लोकांत सापडतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आणखी वेगळा. युरोपीय लोकांचा अभ्यास तर सगळ्यात जास्त झालेला. माझा बदल यांतला कुठलाच नाही. तो आमच्याकडच्या लोकांत नेहमीचा, निरुपद्रवी असेल. किंवा खरोखर घातक असेल. ते ठरवायला आमच्याकडची पुष्कळ माणसं तपासलेली असायला हवीत, आणि ती नोंदींत फार थोडी आहेत.

"आम्ही थोडे?" मी म्हणालो. "जगात आम्हाला आजवर कुणी थोडे म्हणालेलं नाही."

ती हसली आणि लगेच सॉरी म्हणाली. रिपोर्टवर लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित. मग ती म्हणाली, घरातलं एखादं वयस्कर, निरोगी माणूस तपासता आलं तर थोडी मदत होईल. त्यांच्यात हाच बदल असेल आणि तरी त्यांना काही झालेलं नसेल, तर पारडं जरा निरुपद्रवीकडे झुकेल. जरासंच.

वयस्कर, निरोगी माणूस एकच होतं. मी आधी आतेभावाला फोन केला, रीतसर. तो पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत आहे, डेटा हेच त्याचं काम. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन चांगले प्रश्नही विचारले आणि म्हणाला, "समजलं. पण आत्ता नको."

"का?"

"मुलीचं बघतोय. लग्न होऊन जाऊ दे, मग हवं तर मी पण देतो सँपल."

मी त्याला काकांची गोष्ट सांगितली. त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. "भयंकर आहे रे," तो म्हणाला. "केवढा अन्याय. पण आत्ता नको."

मी आत्याला काहीच बोललो नाही. तरी तिला कळलं; त्यांचा फ्लॅट काही फार मोठा नाही. पुढच्या आठवड्यात मुलगा ऑफिसला आणि सून बँकेत गेलेली असताना तिने तिच्या डॉक्टरला फोन केला, मी आतेभावाला पाठवलेला माझा रिपोर्ट त्याला पाठवला आणि लॅबचा माणूस घरी बोलावून रक्त देऊन टाकलं. तीन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर मला एक पीडीएफ आली. वर "सुप्रभात" लिहिलेलं एक फूल.

आत्यातही तेच अक्षर बदललेलं होतं.

मी लगेच फोन लावला. तिच्या हातात तेव्हा सुई होती, नातीच्या ब्लाउजला हूक लावत होती. "म्हणजे ते माझ्यातही होतंच म्हण," ती म्हणाली, आणि दोरा ओवला. एका झटक्यात. मी स्क्रीनवर बघत होतो. तिच्या हाताला कंप नव्हता. "ज्याच्यापासून मला वाचवायला दादाने नाव घालवलं, ते माझ्यात होतंच."

मी म्हणालो, "असेल किंवा नसेल. हे त्याचंच कारण आहे असं अजून ठरलेलं नाही."

"मग तर आणखीच छान," ती म्हणाली. पुढे बराच वेळ ती हूक लावत राहिली आणि मी इकडे बसून राहिलो. 

समुपदेशकाने आत्याचा निकाल फाइलला लावला आणि पारडं जरासं झुकवलं. रिपोर्टवरचा शब्द मात्र तोच राहिला. एका आत्याने काही सिद्ध होत नाही.

माझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहितोय, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा जास्त आमची वाटेल. तिला हवी असती तर तिचीही तपासणी झाली असती. तिने समुपदेशकाबरोबर तासभर घालवला, बाहेर आली आणि म्हणाली, "ज्याचा अर्थ त्यांनाच माहीत नाही, ते माझ्यात आहे की नाही हे कळून मी काय करू?" मला तिचं म्हणणं बिनतोड वाटलं. त्याच दमात तिने सांगितलं की ती आणि तिचा मित्र लग्न करणार आहेत, आणि त्याच्या आईवडिलांनी आम्हाला जेवायला बोलावलंय.

आता मी जे सांगणार आहे त्यात मी काही बरा दिसणार नाही. काकांची गोष्ट ऐकून आम्ही नवराबायकोने डोळे पुसले होते. आजोबांना नावं ठेवली होती. आतेभावाला तर चांगलीच. आणि त्या शनिवारी सकाळी बायको वहीवर आकडे मांडत बसली होती: जेवण सहाला, म्हणजे गोळी सव्वापाचला, म्हणजे सहा ते आठ हात शांत राहील, दुपारी डाळ-पनीर नको, प्रोटीनमुळे गोळी लागू पडायला उशीर होतो.

"आपण लपवत नाही आहोत," ती म्हणाली. "पहिल्याच भेटीत विषय नको, एवढंच."

"बरोबर," मी म्हणालो. आजोबाही असंच म्हणाले असतील.

व्याह्यांचं घर शहराबाहेर, मोठ्या हिरवळीचं. ते निवृत्त प्लंबर. मोठा आवाज, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्यांची बायको शाळेत ग्रंथपाल. आम्ही सहाला पोचलो. उन्हाळ्याचे दिवस, सूर्य अजून बराच वर. आधी हिरवळीवर गप्पा, मग भाज्यांचे वाफे बघणं, मग कुत्र्याची ओळख. साडेसात झाले तरी कोकराचा रोस्ट ओव्हनमध्येच होता. बायको घड्याळाकडे बघत होती. आम्ही टेबलावर बसलो तेव्हा आठ वाजले होते, आणि बरोबर आठला, वहीत लिहिल्याप्रमाणे, माझा हात सुरू झाला.

मी तो मांडीवर दाबून धरला. डाव्या हाताने काटा धरला, तो ताटावर वाजला. व्याही वाइन ओतत ओतत माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, ग्लासात ओतता ओतता थांबले आणि आत गेले. परत आले ते जिंजर बिअरची बाटली घेऊन, जिच्यात दारूचा थेंब नसतो. ती माझ्यापुढे ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दारू सोडून अकरा वर्षं झाली. पहिली दोन अवघड जातात. कधीही फोन करा."

मी त्यांच्याकडे बघितलं. फार चांगला माणूस. खोलीत कुणालाही काही कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं, आणि ते लग्नही झालं असतं. दारू माणसाची एकट्याची असते. मला काका आठवले असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हे किती सोपं आहे.

"दारू नाही," मी म्हणालो, आणि आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला, त्यामुळे टेबलावरचे सगळेच बघायला लागले. "पार्किन्सन्स आहे. काकांनाही होता. मुलीत काही येईल की नाही, ते कुणालाच सांगता येत नाही."

बायकोने डोळे मिटले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"ओह," व्याही म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "सॉरी, मेट. मग वाइन घेणार का?"

विहीणबाई म्हणाल्या, त्यांच्या आईला मधुमेह, वडिलांना विसरण्याचा आजार, आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. हे सगळं त्यांनी बटाट्याचं भांडं पुढे सरकवता सरकवता सांगितलं. व्याह्यांनी मला विचारलं, मांस कापून देऊ का? मी हो म्हणालो. त्यांनी कापून दिलं, आणि पुढे भोपळ्याला यंदा कीड लागल्याचा विषय निघाला. मी वाट बघत होतो की आता खरं बोलणं सुरू होईल. ते झालं नाही. भोपळाच चालला.

"अर्धा ग्लास चालेल तुला," बायको शेवटी म्हणाली. ती फार्मसिस्ट म्हणून बोलत होती की बायको म्हणून, मला कळलं नाही. मी प्यायलो. चव आंबटसर होती. एवढ्यासाठी मी सत्तावन्न वर्षं थांबलो होतो.

पुढच्या शनिवारी आत्याला सांगितलं. तिने सगळं नीट विचारून घेतलं: त्यांची जात कुठली हे सोडून, कारण तिथे तिला काही कळणार नव्हतं.

"आणि प्यायलास?"

"अर्धा ग्लास."

"म्हणजे आपल्या घराण्यात पिणारा पहिला तू," ती म्हणाली.

मग मी विचारलं, तुझ्या नातीचं काय चाललंय. ती म्हणाली, नागपूरचं एक स्थळ आलंय, चांगली माणसं आहेत, मुलगा दिसायलाही बरा. रविवारी बघायला आले होते. मुलाच्या आईने चहा घेताना सहज विचारलं, घरात कुणाला बीपी, शुगर वगैरे? आतेभाऊ "तसं काही नाही" म्हणेपर्यंत आत्याच बोलून गेली. काकांचा कंपवात, माझा आजार, तिचा स्वतःचा रिपोर्ट, तो अजून अनिश्चित आहे हेसुद्धा. तिने त्यांना पीडीएफ दाखवली.

"मग?"

"मग पोहे खाल्ले त्यांनी. छान झालेत म्हणाले." तिने कप खाली ठेवला. "माझा मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. सून बोलते, पण कामापुरतं."

"आणि नात?"

"तिने मला कालच्या कार्यक्रमाची तिकिटं काढून दिली. नाटक होतं. बरं होतं."

"नागपूरकरांचा फोन आला?"

"नाही आला अजून," आत्या म्हणाली. "येत्या गुरुवारपर्यंत कळवतो म्हणालेत."